‘जोजी’ पाहिला. त्याला ‘मॅकबेथ’ची कसोटी लावायची का?

खाडीकाठ

(पुढे ‘जोजी’, ‘मकबूल’ आणि शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ या तिन्हींचा शेवट उघड होणार आहे. ज्यांचं पाहायचं राहिलंय त्यांनी आधी पाहून या.)

राजापुरात आम्ही काही मित्र अधूनमधून एकत्र चित्रपट बघतो. परवा ‘जोजी’ लावला आणि त्यावरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही, म्हणून इथे आणतोय.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२१ चा मल्याळम चित्रपट. दिग्दर्शक दिलीश पोतन, पटकथा श्याम पुष्करन, जोजीच्या भूमिकेत फहाद फाझिल. ‘मॅकबेथ’वरून स्फुरलेला आहे हे त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं. एरुमेलीकडचं सधन ख्रिश्चन घर, रबराची मोठी बाग, बाप कुट्टप्पन धिप्पाड आणि जरबेचा. तीन मुलगे. धाकटा जोजी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसलेला, खिशात स्वतःचा पैसा नाही. तळ्यात अडकलेला पंपाचा व्हॉल्व्ह ओढताना बापाला झटका येतो, तो अंथरुणाला खिळतो आणि घर मोकळा श्वास घेतं. मग बाप सावरायला लागतो. जोजी त्याच्या गोळ्या बदलतो.

चित्रपट म्हणून अव्वल आहे, त्यावर वाद नाही. पण ‘मॅकबेथ’ म्हणून तो मला उणा वाटला. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ खुनाआधी एकटा उभा राहून सगळं स्वतःला सांगतो. हा राजा डंकन माझा नातलग, मी त्याचा चाकर, आज तो माझ्या घरी पाहुणा. मारेकऱ्याला अडवायला दार मी लावायचं, सुरी मी धरायची नाही. शिवाय याने राज्य सौम्यपणे केलं. मला पुढे ढकलणारी फक्त हाव आहे. इतकं स्वच्छ कळूनही तो करतो, आणि म्हणून त्याचं पडणं आपल्याला झोंबतं. जोजीला असा क्षण मिळत नाही. शेवटच्या चिठ्ठीतसुद्धा तो दोष समाजावर टाकतो. ज्याला आपण काय केलं हेच कळत नाही, त्याच्या नाशाला शोकांतिका म्हणायचं का?

तर प्रश्न असा. रूपांतराला मूळ नाटकाच्या मापाने मोजायचं, की ते नाव विसरून जे पडद्यावर आहे तेवढंच बघायचं?

तिरफळ

नाव विसरून बघायचं. बांगड्याच्या तिखल्यात कोकमाऐवजी बिमली घातली, तर आधी चव घ्यायची, आजी कसं करायची हे नंतर आठवायचं.

रबरवाडी

मी दोडामार्गचा. आमच्या तालुक्यात केरळातून आलेल्या लोकांनी जमिनी घेऊन रबर आणि अननस लावलाय, त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या शेजारी असंच एक कुटुंब आहे आणि ‘जोजी’ मी त्यांच्याच घरी बसून पाहिला. सबटायटलशिवाय. अडलं तिथे ते सांगत होते.

त्यांच्यापैकी एकानेही ‘मॅकबेथ’चा उल्लेख केला नाही. ते बोलत होते ते बापाबद्दल. त्या घरात पहाटे कोण उठतं, चहा कुणाला आधी जातो, बाप खोलीत आला की मुलं कशी उभी राहतात. शेजारचे काका म्हणाले, हा माणूस वाईट नाही, याने डोंगर फोडून बाग उभी केलीय आणि आता ती हातातून सुटेल या भीतीने तो सगळ्यांना दाबून ठेवतो. तो व्हॉल्व्हचा प्रसंग आठवा. तरण्याताठ्या पोरांना जे जमत नाही ते म्हातारा पाण्यात उतरून स्वतः करतो. त्याचं राजेपण त्या एका प्रसंगात दाखवलंय, आणि त्याच जोराने तो कोसळतो. हे मला नाटकाइतकंच मोठं वाटलं.

झिलग्या

माका सिनेमा बरो वाटलो. पण एक सांगतंय, आमच्या वाडीत बापूस असो आडवो असतो तर झील मुंबयक गेलो असतो, गोळयो बदलूक घराक बसलो नसतो.

पडवी

झिलग्या, हसले खूप. पण यात तथ्य आहे, नुसतं हसून सोडू नये. कोकणातल्या कितीतरी घरांत बाप-मुलाचा हिशोब गिरणीच्या काळापासून मुंबईने मिटवला. पटलं नाही की एसटी पकडायची, आणि गणपतीत घरी यायचं ते पाहुण्यासारखं. भांडणाला धार यायच्या आत अंतर पडायचं. जोजीला ही वाट नाही. धंदे करून बघितले, जमले नाहीत, आणि परत त्याच जेवणाच्या टेबलाशी यावं लागलं. एका घरात इतकी माणसं कोंडलेली असणं हा त्या चित्रपटाचा किल्लाच आहे. मॅकबेथचा जसा इन्व्हर्नेसचा, तसा.

सातबारा

जमिनीच्या कागदांत माझं आयुष्य गेलं, म्हणून या बाजूने लिहितो.

मला रूपांतर तपासताना पहिला प्रश्न पडतो तो मुकुटाचा. मूळ नाटकात माणूस ज्यासाठी खून करतो, त्याच्या जागी नव्या गोष्टीत काय ठेवलंय? ते पुरेसं जड आहे का? ‘जोजी’त मुकुट म्हणजे बापाची सही. बाग आहे, पैसा आहे, पण बापाच्या सहीशिवाय पान हलत नाही.

आता कायदा बघा. आपल्याकडे हिंदू घरात जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलगा बाप हयात असतानाही वाटप मागू शकतो, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही. दावा वर्षानुवर्षं चालेल, भाऊबंदकी होईल, सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली वीसेक नावं सामाईक पडून राहतील, पण दार उघडं असतं. केरळातल्या ख्रिश्चन घरात तसं नाही. १९८६ च्या मेरी रॉय निकालाने स्पष्ट झालं की त्यांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, आणि त्या कायद्यात मुलाला जन्माने हक्क मिळत नाही. बाप जिवंत आहे तोवर सगळं बापाचं. तो मृत्युपत्र करून वाटेल त्याला देऊ शकतो. म्हणजे जोजीपुढे न्यायालयाचा रस्ताच नाही. बाप असेपर्यंत तो कोणी नाही, बाप गेल्यावर एकदम तिसऱ्या हिश्श्याचा मालक. स्कॉटलंडच्या गादीइतकंच हे टोकाचं आहे. पटकथाकाराने जागा अचूक निवडली असं माझं मत.

खाडीकाठ

सातबारा, हे मला सुचलं नव्हतं, आणि पटलं. मुकुटाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार मुकुट घेणाऱ्याबद्दल आहे. जागा अचूक असेल, पण त्या जागी उभा असलेला माणूस नाटकातल्याइतका जागा नाही.

निवृत्त मास्तर

खाडीकाठ, तुम्ही डंकनला ‘सौम्य राजा’ म्हणालात, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं स्कॉटलंडचा राजा होता. खरा डंकन म्हातारा नव्हता, आणि झोपेत नाही तर लढाईत मारला गेला. शेक्सपिअरने ज्या होलिनशेडच्या बखरीवरून हे नाटक उचललं, तिच्यात डंकन दुबळा राजा आहे आणि मॅकबेथचा सोबती सरदार बँको हा कटातला साथीदार आहे. शेक्सपिअर लिहीत होता तेव्हा गादीवर पहिला जेम्स होता, आणि स्टुअर्ट घराणं स्वतःला बँकोचे वंशज मानत असे. बँकोला निर्मळ करणं भागच होतं. पण डंकनला वृद्ध, सज्जन, पाहुणा आणि झोपलेला करणं ही नाटककाराची स्वतःची निवड आहे. मिळालेली कथा त्याने बदलली, आणि बदलताना खून अधिकाधिक अक्षम्य केला.

त्यामुळे ‘मुळाशी इमान’ हा निकष शेक्सपिअरलाच लागू पडत नाही. रूपांतरकाराने काय बदललं याची यादी करण्यात मला रस नाही. त्या बदलाने कृत्याचं वजन वाढलं की घटलं, एवढं मी बघतो.

खाडीकाठ

मास्तर, माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट तुम्ही मांडलंत. मग याच मापाने बघू. शेक्सपिअरने बळी चांगला केला, वजन वाढलं. ‘जोजी’ने बळी क्रूर केला. बाप मुलाची मान पकडतो, त्याला सगळ्यांसमोर कस्पटासमान वागवतो. तो गेल्यावर प्रेक्षकालाही सुटल्यासारखं वाटतं. खून समजण्याजोगा झाला की वजन घटलंच. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’मध्येही, म्हणजे ‘मॅकबेथ’वरच्याच हिंदी चित्रपटात, डंकनच्या जागचा अब्बाजी काही संत नाही, खूनखराबा करणारा माफियाच आहे. पण पंकज कपूरने त्याला मकबूलबद्दल बापाची माया दिलीय. इरफानच्या चेहऱ्यावर ती माया आणि तो खून दोन्ही एकाच वेळी दिसतात.

मीठभाकर

+१. अब्बाजीसाठी.

विहिरीवरची

इतके प्रतिसाद झाले आणि बिन्सीचं नाव कुणी घेतलं नाही! उन्नीमाया प्रसादने केलेली ती वहिनी, मधल्या भावाची बायको, म्हणजे या गोष्टीतली लेडी मॅकबेथ.

नाटकात दुसऱ्या अंकात लेडी मॅकबेथ, म्हणजे मॅकबेथची बायको, एक गोष्ट बोलून जाते. झोपलेला डंकन माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं. पूर्ण नाटकात तिला अडवणारी एवढी एकच गोष्ट आहे: बापाचा भास. ‘जोजी’च्या लेखकाने नेमकं तेच बोट धरलं. इथे झोपलेला माणूस बापासारखा दिसत नाही, तो बापच आहे. जिथे लेडी मॅकबेथचा हात थांबला तिथून हा चित्रपट सुरू होतो. खाडीकाठ म्हणतात वजन घटलं. मला ते वाढलेलं दिसतं.

आणि बिन्सी काय करते बघा. सुरी पुढे करत नाही, भाषण देत नाही, पुरुषार्थावरून टोमणे मारत नाही. ओट्यापाशी उभी राहून एखादं वाक्य टाकते आणि परत कामाला लागते. ज्या घरात बाईला जमिनीबद्दल मत विचारत नाहीत तिथे ती असंच बोलते. मी अशा स्वयंपाकघरात वाढले. कोणत्या वाक्याने बाहेरच्या खोलीत काय पेटेल हे तिथल्या बायकांना बरोबर ठाऊक असतं. सासरा गेल्यावर खोलीत लपलेल्या जोजीला ती सांगते, मास्क लावून बाहेर ये. करोनाचे दिवस, वाक्य साधंच. पण मॅकबेथ सातव्या प्रवेशाच्या शेवटी म्हणतो की खोट्या मनात जे आहे ते खोट्या चेहऱ्याने झाकलं पाहिजे. ते अख्खं वाक्य त्या कापडाच्या तुकड्यात आलं. स्वगत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी तो प्रसंग पुन्हा बघावा.

पडवी

विहिरीवरची, कडक! मास्कचं लक्षात आलं होतं, बापाच्या भासाचं नाही.

फक्त एक खंत राहते. नाटकात ती शेवटी झोपेत चालते, हात धुते, कोलमडते. पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश काढून टाका, नाटक अर्धं होईल. बिन्सीला काहीच होत नाही. ती आहे तिथेच राहते. ‘मकबूल’मध्ये लेडी मॅकबेथच्या जागी असलेल्या तब्बूच्या निम्मीला भिंतीवर रक्त दिसतं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इथे तसं काही नाही.

विहिरीवरची

काही होत नाही हेच मला खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी चहा ठेवायचाच असतो. पण नाट्य म्हणून तुमची खंत मान्य.

आडदशावतार

मूळ प्रश्नाला मी माझ्या घरच्या बाजूने येतो. माझे मामा दशावतारात राजपार्ट करायचे. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या जत्रा त्यांच्या मागे फिरत मी लहानाचा मोठा झालो.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, पार्ट वाटले जातात, रंगतात, आणि मागे एक पडदा, पुढे एक बाकडं एवढ्यावर रात्रभर खेळ उभा राहतो. पेटी, पखवाज, झांज. बोलणं ज्याचं त्याने तिथल्या तिथे रचायचं. एकच आख्यान या जत्रेत एक कंपनी करते, पुढच्या जत्रेत दुसरी. बघणारे तेच. सगळ्यांना गोष्ट तोंडपाठ. रावण मरणार हे पोरांनासुद्धा माहीत. म्हणजे आमच्याकडे दर रात्री रूपांतरच चालतं, आणि लोक पहाटे दहीकाल्यानंतर घरी जाताना त्याचा निकाल देतात.

तो कसा देतात? मूळ पोथीत काय होतं हे कुणी काढत नाही. मामा म्हणायचे, गोष्ट पाठ असलेल्या म्हाताऱ्यालाही मध्यरात्री क्षणभर वाटलं पाहिजे की आज हा थांबेल. आज रावण सीतेला परत पाठवील. तसं वाटलं तर राजपार्टी जिंकला. नाही वाटलं तर कितीही तलवार फिरव.

हे माप मी ‘जोजी’ला लावलं. बापाच्या वेळी, खरं सांगतो, जोजी थांबेल असं मला वाटलं नाही. तिथे खाडीकाठ बरोबर आहेत. पण मोठा भाऊ जोमोन आठवा. दारूडा, मोडलेल्या संसाराचा, बापावर जीव असलेला, बाबूराजने काय केलाय तो! त्याला संशय येतो आणि तो जोजीला गाठतो, तेव्हा मला ठाम वाटलं की आता हा रडेल, पाय धरेल, सगळं सांगून टाकेल. सांगितलं असतं तर जोमोनने मारलं असतं किंवा जवळ घेतलं असतं. जोजी त्याला संपवतो. चित्रपटाचं सगळं वजन त्या दुसऱ्या खुनात ठेवलंय. पहिला खून तुम्हाला सुटकेसारखा वाटू देतो आणि दुसऱ्या खुनाला तुम्ही आधीच त्याच्या बाजूने बसलेले असता.

नाटकातही मला तसंच वाटतं. डंकनच्या खुनाआधी मॅकबेथ थरथरतो. बँकोसाठी तो मारेकरी पाठवतो, आणि बायकोला सांगतही नाही.

तिरफळ

आडदशावतार, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे. लिहाच.

मीठभाकर

अवांतर: मॅकबेथला ‘तू राजा होशील’ म्हणणाऱ्या चेटकिणी कुठे गेल्या? ‘मकबूल’मध्ये ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह पोलीस होऊन कुंडली मांडतात, ते मला फार आवडलं होतं. ‘जोजी’त भविष्यवाणीच नाही. मग ‘मॅकबेथ’ म्हणण्यासारखं उरलं काय?

गडनदी

चेटकिणींबद्दल आपल्या भागातला माणूस जरा वेगळं बघू शकेल असं मला नेहमी वाटतं. आमच्याकडे अजूनही मोठं काम काढताना ग्रामदेवतेला कौल लावतात. पाषाणाला कळे लावायचे, गुरव गाऱ्हाणं घालणार, उजवा पडला तर होकार. यात माणूस स्वतःहून विचारायला जातो, आणि पुष्कळदा विचारण्याआधीच त्याचं ठरलेलं असतं. डावा पडला तर पुन्हा लावतात!

नाटकात पहिल्यांदा चेटकिणी न बोलावता येतात. चौथ्या अंकात मात्र मॅकबेथ त्यांना शोधत जातो, मला सांगाच म्हणतो. ज्याला आधी भविष्य नुसतं ऐकू आलं, तोच आता भविष्याला जाब विचारतोय. इतका बदल त्या दोन भेटींमध्ये त्याच्यात झालाय. ज्या चित्रपटात चेटकिणी आहेत त्याने हा फरक दाखवला पाहिजे. नुसतं धुकं आणि विचित्र आवाज पुरत नाही. जोएल कोएनच्या ‘मॅकबेथ’वरच्या २०२१ च्या कृष्णधवल चित्रपटात कॅथरिन हंटर एकटीच तिघी झालीय, शरीर मुडपून, घसा खरवडून. बघताना श्वास अडकतो. मला आजवर पटलेल्या चेटकिणी त्याच.

‘जोजी’ने त्या काढल्या, कारण ते घर नशिबाला विचारणारं नाही. डॉक्टर काय म्हणतो, मशीन काय दाखवतं, हा तिथला कौल. बाप वाचणार की नाही हे सगळे डॉक्टरच्या तोंडाकडे बघून ओळखतात. आणि चेटकिणी नसल्या की जोजीला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही. शेवटी तो ‘समाज’ म्हणतो, तो याच रिकाम्या जागेत.

सातबारा

गडनदी, ‘डावा पडला तर पुन्हा लावतात’ हे वाटपाच्या बैठकींनाही लागू आहे. भरपूर बघितलंय.

झिलग्या

आता माका सांगा, ह्या सगळा कोकणात केला तर ‘जंगल चालत येताला तेव्हा राजा हरतलो’ ह्या नाटकातल्या भाकिताचा काय करशात? आमचा जंगल आधीच तोडून नेल्यानी.

मीठभाकर

कांदळवन! वाढत वाढत खाडीतून अंगणात.

पडवी

‘मकबूल’ने तो प्रश्न समुद्राने सोडवला होता. दर्या तुझ्या घरी येईल तेव्हा तू संपशील, असं भाकीत, आणि शेवटी कस्टमची माणसं दारात. मुंबईत बसून ते सुचलं. आमच्या मिऱ्यासारख्या किनाऱ्यावर ते भाकीत सांगितलं तर लोक म्हणतील, दरसाल येतो की! उधाणाला लाटा बंधाऱ्यावरून आत येतात, माड पडतात. इथे तेच भाकीत दुसऱ्याच तऱ्हेने भयंकर होईल, कारण ते अशक्य वाटणार नाही. मॅकबेथ निर्धास्त राहतो तो झाडं चालत नाहीत म्हणून. किनाऱ्यावरच्या मॅकबेथला निर्धास्त राहताच येणार नाही. कोणीतरी मराठीत करावं हे.

निवृत्त मास्तर

मराठीत पडद्यावर नसेल, रंगभूमीवर आपली परंपरा मोठी आहे. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला तो १८९० मध्ये. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं, त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे होते. आणि ‘राजा लिअर’ मराठीत आणणारे विंदा करंदीकर तर आपल्याच देवगडच्या धालवलीचे. देवलांनी पात्रांना मराठी नावं, मराठी घरं, मराठी रागलोभ दिले, आणि प्रेक्षकांनी ‘झुंझारराव’ आपला मानला. विंदांनी उलट केलं. राजा ब्रिटनचाच ठेवला, ओळ मुळाला चिकटून आणली. दोन्ही वाटा सच्च्या आहेत. पण दोघांना एकच माप लावून चालणार नाही. कोएन विंदांच्या वाटेचा, पोतन देवलांच्या वाटेचा.

रबरवाडी

मास्तर, हे फार आवडलं. शेजाऱ्यांना सांगतो, त्यांना देवल कोण ते समजावून द्यावं लागेल.

खाडीकाठ

चर्चा पुष्कळ पुढे गेली, सगळ्यांचे आभार. मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तो मी सोडलेला नाही.

आडदशावतारांचं ‘थांबेल असं वाटलं पाहिजे’ हे माप मला आवडलं आणि मी ते घेतो. जोमोनच्या प्रसंगाबद्दल त्यांचं म्हणणं मान्य. विहिरीवरचींचा बापाचा मुद्दाही मान्य. वजन घटलं असं मी आता सरसकट म्हणणार नाही. पण कृत्य जड असणं वेगळं आणि करणाऱ्याला ते जड वाटणं वेगळं. ‘मकबूल’च्या शेवटी इरफान इस्पितळात आपलं बाळ न्यायला जातो. ते बाळ शत्रूच्या बायकोच्या कुशीत मायेने घेतलेलं बघतो, बंदूक टाकतो आणि बाहेर चालत जाऊन गोळी घेतो. त्या क्षणी त्याला कळलेलं असतं. म्हणून मला ‘मकबूल’ वरचा वाटतो. जोजीला ते कळत नाही.

गडनदी

पण मॅकबेथला तरी शेवटी काय कळतं? बायको गेल्याची बातमी येते तेव्हा तो म्हणतो, आयुष्य ही वेड्याने सांगितलेली, अर्थ नसलेली गोष्ट. ‘मी चुकलो’ असं कुठे म्हणतो? सगळं निरर्थक आहे म्हणणं आणि सगळा दोष समाजाचा म्हणणं यांत मला फार अंतर दिसत नाही. दोघेही स्वतःकडे बघायचं टाळतात.

खाडीकाठ

अंतर आहे. मॅकबेथ त्याआधीच बोलून गेलाय की म्हातारपणी जे सोबत असावं, मान, माया, मित्र, ते मला मिळणार नाही, मिळतील ते फक्त पुटपुटलेले शाप. आपण काय गमावलं हे त्याला नेमकं माहीत आहे. तो कशाबद्दल बोलतोय ते ऐकून आपल्याला त्याची कीव येते.

निवृत्त मास्तर

इथे मी दोघांच्या मध्ये येतो. माणसाला कळलंय हे दाखवायला नाटकाकडे भाषा आहे. चित्रपटाने तेच भाषेने दाखवावं असा आग्रह धरला तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘मॅकबेथ’वरचा १९५७ चा ‘थ्रोन ऑफ ब्लड’ही बाद होईल. त्यात शेक्सपिअरच्या ओळी नाहीतच. मोठं स्वगत नाही. नायक झालेल्या मिफुनेचे डोळे आहेत, जपानी ‘नो’ नाटकातल्या मुखवट्यासारखा गोठलेला बायकोचा चेहरा आहे, आणि शेवटी त्याच्याच सैनिकांचे बाण त्याच्यावर येतात. मला कीव आली. भीतीही वाटली. ओळ एकही नव्हती.

तेव्हा फहादच्या चेहऱ्यावर ते आहे का, एवढाच प्रश्न उरतो. मला तो अर्धा दिसला. चिठ्ठीत खोटं बोलणारा जोजी आणि इस्पितळातला जोजी हे मला वेगळे वाटले.

आडदशावतार

मास्तर, इस्पितळाचा प्रसंग तुम्ही काढलात ते बरं झालं. स्वतःवर गोळी झाडूनही तो वाचतो आणि लुळा पडून राहतो. बोलता येत नाही, आणि पोलीस त्याला डोळ्यांच्या इशाऱ्याने कबुली द्यायला सांगतात. बापाला त्याने ज्या अवस्थेत पाहिलं, ज्या अवस्थेतून बाप उठू नये म्हणून गोळ्या बदलल्या, नेमक्या त्याच अवस्थेत तो आता आहे. मॅकबेथचं डोकं कापून आणतात, तो सुटतो. याला सोडलेला नाही. खाडीकाठ, तुम्ही विचारता त्याला कळलं का. माझ्या मते आता त्याच्याकडे कळून घेण्याखेरीज काही कामच उरलेलं नाही.

विहिरीवरची

आणि त्याच्या गोळ्या आता दुसऱ्या कुणाच्या हातात आहेत.

खाडीकाठ

आडदशावतार, विहिरीवरची, तो प्रसंग या नजरेने पुन्हा बघतो आणि मग बोलतो. ‘मकबूल’ अजून वर ठेवतोय.

पुढच्या वेळी आमच्याकडे ‘थ्रोन ऑफ ब्लड’ लावायचं ठरतंय. राजापूर, लांजा, खारेपाटणकडचं कुणी येणार असेल तर कळवा, पावसाळ्यात वीज जाते म्हणून लवकर सुरू करू. मास्तर, तुम्ही आधी दहा मिनिटं नो नाटकाबद्दल बोलाल का?

निवृत्त मास्तर

बोलेन. आणि आडदशावतार येणार असतील तर त्यांना राजपार्टाबद्दल बोलायला लावा. कुरोसावाचा सरदार आणि बाकड्यावर बसलेला रावण शेजारी ठेवून बघायची माझी फार इच्छा आहे.

झिलग्या

मी येतंय. वांगडा जनरेटर हाडतंय.